डिझाइनच्या फाइली हलवताना त्यांच्या लिंक्सचे काय करायचे?

भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर असो किंवा टेरी टॉवेल असो, त्यावरचे डिझाइन आज एका कागदात मावत नाही आणि संगणकातल्या एका फाइलमध्येही मावत नाही. चित्रकाराने बहुधा कोरलड्रॉमध्ये काढलेले मूळ चित्र ही एक फाइल असते. त्यावरून तयार केलेला ग्राफ, ज्यातला प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा जिथे एकमेकांना छेदतात ती जागा, ही दुसरी फाइल असते. त्या ग्राफवरून इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राला, देण्यासाठी बनवलेली तिसरी, विणून झालेल्या नमुन्याचा फोटो ही चौथी, आणि सूत, रंग, माप व पार्टीचे, म्हणजे माल घेणाऱ्या ग्राहकाचे, नाव नोंदवलेली एक्सेलची शीट ही पाचवी. या पाचही फाइली एकमेकींचा पत्ता बाळगून असतात. एक्सेलमधल्या ओळीवर क्लिक केले की ग्राफ उघडतो, आणि मूळ चित्रात बाहेरून जोडलेली छायाचित्रे आपोआप दिसतात. कारखाना मोठा झाला, संगणक वाढले आणि इतक्या वर्षांचे फोल्डर एकदा नीट लावून घ्यायचे ठरले, की खरी अडचण फाइलींची नसते. फाइली एका दुपारीही हलवता येतात. अडचण त्या पत्त्यांची असते.

लिंक म्हणजे फाइलला बांधलेला दोर, असे आपण नकळत धरून चालतो, पण तसे काही नसते. लिंक म्हणजे कुठेतरी लिहून ठेवलेला साधा मजकूर असतो, उदाहरणार्थ 'डी:\डिझाइन\२०१९\टॉवेल\गुलाब_४१२.बीएमपी'. ती फाइल तुम्ही दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली, तरी हा मजकूर लिहिलेल्या एक्सेलला किंवा डेटाबेसला त्याची खबर मिळत नाही. विंडोजचे शॉर्टकट हललेली फाइल काही प्रमाणात शोधून काढतात हे खरे, पण त्या भरवशावर एक्सेलच्या शीट आणि डेटाबेसचे रकाने सोडून देता येत नाहीत. तिथला मजकूर कोणीतरी बदलेपर्यंत जसाच्या तसा राहतो.

हे पत्ते तीन प्रकारे लिहिता येतात आणि पुढचे सगळे काम या तिन्हींतला फरक समजण्यावर उभे आहे. पहिला प्रकार पूर्ण पत्त्याचा. त्यात ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत सगळे लिहिलेले असते. तो वाचायला सोपा असतो, परंतु ड्राइव्हचे अक्षर प्रत्येक संगणकावर वेगळे असू शकते, म्हणून डिझाइन विभागात चालणारी लिंक हिशेबनिसाच्या संगणकावर चालत नाही. दुसरा प्रकार सापेक्ष पत्त्याचा, म्हणजे 'मी जिथे आहे तिथून एक फोल्डर वर जा आणि ग्राफ नावाच्या फोल्डरमध्ये शिर' असा. सगळे फोल्डर एकत्र उचलून नेले तर हा पत्ता टिकतो. पण फाइली वेगवेगळ्या जागी विखरून नव्याने लावायच्या असतील, तर सर्वांत आधी हाच मोडतो. तिसरा प्रकार तार्किक पत्त्याचा. त्यात लिंकमध्ये फक्त एक ठरवलेले नाव आणि त्यापुढचा छोटा भाग असतो, जसे 'ग्राफ : ४१२\गुलाब.बीएमपी', आणि 'ग्राफ' म्हणजे प्रत्यक्षात कोणत्या सर्व्हरवरचे कोणते फोल्डर, हे एका वेगळ्या तक्त्यात एकदाच लिहिलेले असते.

जॅकार्डवर काम केलेल्या जुन्या माणसांना हा तिसरा प्रकार मुळीच परका वाटू नये. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली फ्रान्समध्ये आणलेल्या यंत्रात बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठी एक भोके पाडलेले कार्ड लागे, आणि एका डिझाइनची अशी कार्डे ओवून त्यांचा गठ्ठा होई. गठ्ठा नंबराने ओळखायचा आणि वहीतही नंबरच लिहायचा, मग तो गठ्ठा या भिंतीवरून त्या भिंतीवर टांगला तरी वहीत खाडाखोड करावी लागत नाही. तार्किक डिरेक्टरी, म्हणजे वरच्या तक्त्यातले ठरवलेले नाव, हेच करते. फाइलची ओळख आणि फाइलची जागा या दोन गोष्टी ती वेगळ्या ठेवते.

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये 'डिरेक्टरी' नावाची वस्तू तयार करता येते. बाहेरच्या फाइलचा संदर्भ देणाऱ्या रकान्यात त्या डिरेक्टरीचे नाव आणि फाइलचे नाव एवढेच राहते, आणि सर्व्हरवरची जागा बदलली तर डिरेक्टरीची एकच व्याख्या बदलावी लागते. ऑटोकॅड या ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टचे नाव देऊन त्याखाली शोधायचे फोल्डर नोंदवता येतात. ऑटोडेस्कच्या इन्व्हेंटरमध्ये हेच काम प्रोजेक्ट फाइल करते. विंडोज सर्व्हरच्या डीएफएस नेमस्पेसमध्ये वापरणाऱ्याला एकच सामायिक पत्ता दिसतो आणि त्यामागचा सर्व्हर बदलता येतो. आपल्याकडे यांतले काहीही नसले, तरी डेटाबेसमध्ये किंवा साध्या एक्सेलमध्ये दोन रकान्यांचा तक्ता करून हेच साधता येते, फक्त लिंक उघडणारा छोटा प्रोग्राम किंवा मॅक्रो तो तक्ता वाचेल अशी व्यवस्था हवी.

नवी रचना कशी असावी, याबद्दल माझे मत ठाम आहे: जे बदलते ते फोल्डरच्या नावात घालू नये. पार्टीचे नाव, वर्ष, ऑपरेटरचे नाव, 'फायनल', 'फायनल नवीन' या सगळ्या गोष्टी बदलणाऱ्या आहेत. एकच गुलाबाचे डिझाइन आज एका पार्टीला जाते आणि पुढच्या वर्षी रंग बदलून दुसरीला जाते, मग ते कोणाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे? बहुतेक ठिकाणी ते दोघांच्याही फोल्डरमध्ये ठेवले जाते आणि त्या क्षणापासून दोन प्रती वेगवेगळ्या वाटांनी जाऊ लागतात. म्हणून वरच्या पातळीवर कामाचा टप्पा, म्हणजे मूळ चित्र, ग्राफ, जॅकार्ड, नमुना आणि ऑर्डर, आणि त्याखाली डिझाइनचा कायमचा नंबर एवढेच असावे. पार्टी आणि वर्ष ही माहिती तक्त्याच्या रकान्यात राहू द्यावी. तिथे ती शोधताही येते आणि एकापेक्षा जास्त वेळा लिहिताही येते.

आता लिंक्स कुठे कुठे लपलेल्या असतात ते पाहू, कारण न सापडलेली लिंक बदलता येत नाही. डेटाबेसचा रकाना सगळ्यांच्या लक्षात असतो. एक्सेलमध्ये मात्र एकाच शीटमध्ये तीन प्रकारच्या लिंक्स असू शकतात: सेलवर उजवे क्लिक करून घातलेली हायपरलिंक, हायपरलिंकच्या सूत्रात अवतरण चिन्हांत लिहिलेला पत्ता, आणि दुसऱ्या वर्कबुकमधून आकडा उचलणारे सूत्र. २००७ पासूनच्या एक्सेलची नवी फाइल म्हणजे आतून एक झिप असते, आणि तिच्यातल्या बाहेरच्या लिंक्स वेगळ्या एक्सएमएल फाइलींत 'बाहेरचे' अशी खूण करून नोंदवलेल्या असतात, त्यामुळे शेकडो वर्कबुके एकेक करून न उघडताही छोट्या प्रोग्रामने त्यांची यादी काढता येते. सूत्रात लिहिलेला पत्ता या यादीत येत नाही, तो शीटच्या मजकुरातच शोधावा लागतो. यादी पूर्ण झाली असे समजून पुढे गेलेले लोक बहुधा इथेच अडकतात. याशिवाय कोरलड्रॉमधली बाहेरून जोडलेली चित्रे, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, रात्री बॅकअप घेणाऱ्या बॅच फाइली, आणि जॉब कार्डावर छापलेला क्यूआर कोड, जर त्यात फाइलचा पत्ता घातला असेल तर, हे सगळे यादीत यायला हवे.

फाइली हलवण्याआधी दोन गोष्टी करून ठेवाव्यात. पहिली म्हणजे आज किती लिंक्स चालतात आणि किती आधीच तुटलेल्या आहेत याची नोंद. ही नोंद नसेल, तर स्थलांतरानंतर प्रत्येक जुनी तूट नव्या कामाच्या नावावर चढते. दुसरी म्हणजे प्रत्येक फाइलचा ठसा. एसएचए-२५६ नावाची गणिती पद्धत फाइलच्या आतल्या मजकुरावरून ६४ अक्षरांचा ठसा काढते. फाइलचे नाव किंवा जागा बदलली तरी तो बदलत नाही आणि आतला एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने तो काढता येतो. दोन फोल्डरांत सापडलेल्या 'गुलाब_४१२' या फाइलींचे ठसे सारखे निघाले, तर एकच प्रत ठेवून दोन्ही जुने पत्ते तिच्याकडे वळवायचे. ठसे वेगळे निघाले, तर ती एकाच नावाची दोन डिझाइने आहेत, आणि त्यांतले मागावर गेलेले कोणते, हे प्रोग्रामने ठरवायचे नाही. नमुना हातात घेऊन डिझाइनरने ठरवायचे.

यातून जो तक्ता तयार होतो तो या कामाचा कणा असतो: जुना पूर्ण पत्ता, ठसा, नवे तार्किक नाव, नवा सापेक्ष भाग, आणि शेरा. हा तक्ता पूर्ण होईपर्यंत एकही फाइल हलवू नये, आणि हलवताना 'कट' न करता प्रत काढावी. विंडोजमधली रोबोकॉपी ही आज्ञा फाइलींच्या तारखा टिकवून प्रत काढते, मात्र तिचा आरशासारखी हुबेहूब प्रत ठेवणारा पर्याय गंतव्य फोल्डरमधल्या जास्तीच्या फाइली पुसून टाकतो, म्हणून तो विचार करूनच वापरावा. प्रत झाली की ठसे पुन्हा काढून जुळवावेत. ज्या फाइलींच्या पोटातल्या लिंक्स नंतर बदलल्या जातील, त्यांचे ठसे साहजिकच बदलतील, त्यामुळे प्रतीची ही तपासणी लिंक्स बदलण्याच्या आधीच उरकावी लागते.

लिंक्स बदलण्याचे काम 'शोधा आणि बदला' या एका बटणाचे आहे, असे समजणे फार महागात पडते. समजा एका संगणकावर 'डी:\डिझाइन\टॉवेल\गुलाब_४१२.बीएमपी' असे लिहिले आहे, दुसऱ्यावर तेच फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेले असल्याने 'झेड:\टॉवेल\गुलाब_४१२.बीएमपी' असे आहे, आणि तिसऱ्याने थेट सर्व्हरच्या नावाने '\\सर्व्हर\डिझाइन\टॉवेल\गुलाब_४१२.बीएमपी' असे लिहिले आहे. फाइल एकच, पत्ते तीन. कोणी उलटी तिरकी रेघ वापरली असेल, कोणी सुलटी. इंग्रजी नावांत कोणी मोठी लिपी वापरली असेल, कोणी लहान, आणि विंडोज सहसा हा फरक मानत नसले तरी लिनक्सवरचा सर्व्हर मानू शकतो. म्हणून आधी सगळे पत्ते एकाच साच्यात आणावेत आणि मगच ते तक्त्याशी जुळवावेत.

'डी:\डिझाइन' हा भाग शोधून बदलायला सांगितले, तर 'डी:\डिझाइन_जुने' याचाही सुरुवातीचा भाग बदलतो आणि कुठेच अस्तित्वात नसलेला पत्ता तयार होतो, म्हणून शेवटच्या तिरक्या रेघेसह जुळवावे आणि लांब पत्ते आधी घ्यावेत. डेटाबेसमध्ये 'लाइक' ही आज्ञा वापरून शोधताना अधोरेखा म्हणजे अंडरस्कोअर हे 'कोणतेही एक अक्षर' असे मानले जाते; त्यामुळे 'गुलाब_४१२' शोधताना 'गुलाब-४१२' देखील हाती लागतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये उलटी तिरकी रेघ स्वतःच एक विशेष खूण असल्याने ती दुप्पट लिहावी लागते, आणि 'लाइक'मध्ये तर त्याहून जास्त वेळा. बदल एकापाठोपाठ चालवले तरीही घोटाळा होतो: पहिल्या आज्ञेने 'टॉवेल'चे पत्ते 'ग्राफ'कडे नेले आणि दुसरीने जुन्या 'ग्राफ'चे पत्ते 'जॅकार्ड'कडे नेले, तर पहिल्या आज्ञेचे पत्तेही दुसरीबरोबर वाहून जातात. यावर सरळ उपाय असा की जुना रकाना हात न लावता तसाच ठेवावा, शेजारी नवा रकाना करावा आणि प्रत्येक नवा पत्ता नेहमी जुन्या रकान्यावरूनच काढावा. मग चूक झाली तरी नवा रकाना रिकामा करून पुन्हा सुरुवात करता येते.

फाइलींची नावे मराठीत असतील तर आणखी एक बारकावा आहे आणि तो कोणत्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत सहसा सापडत नाही. 'किनाऱ्याची वेल' हे नाव पडद्यावर एकसारखेच दिसते, परंतु त्यातले 'ऱ्या' संगणकात तीन प्रकारे साठवले जाऊ शकते. एका प्रकारात 'ऱ' हे एकच स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात 'र' आणि खाली नुक्ता अशी जोडी असते, तर तिसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. यांतला कोणता प्रकार उमटेल हे टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डवर अवलंबून असते. यातले पहिले दोन प्रकार युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या नियमाने समान आहेत, त्यामुळे सामान्यीकरण केले, म्हणजे सगळी नावे एकाच ठरलेल्या रूपात आणली, की ते जुळतात. तिसरा मात्र सामान्यीकरणानेही जुळत नाही, तो वेगळा शोधून बदलावा लागतो. विंडोजची फाइल यंत्रणा या तिघांना तीन वेगळी नावे समजते, आणि म्हणून डोळ्यांना बरोबर दिसणारी लिंकही 'फाइल सापडली नाही' असे सांगते. मराठीचा आग्रह मला मनापासून प्रिय आहे, तरीही फाइलच्या नावात फक्त डिझाइनचा नंबर आणि साधी रोमन अक्षरे ठेवून मराठी नाव तक्त्याच्या रकान्यात पूर्ण सन्मानाने लिहावे, असेच मी सुचवेन. त्याला लांबीचेही कारण आहे: वेबच्या धर्तीवर लिहिलेल्या लिंकमध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसह नऊ अक्षरांची जागा घेते, विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रामांसाठी पत्त्याची मर्यादा २६० अक्षरांची आहे आणि एक्सेलची मर्यादा त्याहूनही कमी, २१८ अक्षरांची आहे. नावात नंबराआधी हॅशची खूण घालण्याची सवयही सोडावी, कारण ऑफिसच्या हायपरलिंकमध्ये त्या खुणेपुढचा भाग फाइलचे नाव म्हणून धरला जात नाही.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत कॅडची, म्हणजे संगणकावर काढलेली, ड्रॉइंग असतात, आणि तिथे फाइलच्या पोटातला पत्ता बाहेरून बदलण्याच्या फंदात पडू नये. ऑटोकॅडबरोबर या कामासाठी रेफरन्स मॅनेजर हा वेगळा प्रोग्राम मिळतो. सॉलिडवर्क्स या तशाच सॉफ्टवेअरमध्ये पॅक अँड गो ही सोय असेंब्ली, म्हणजे भाग जोडून झालेले पूर्ण ड्रॉइंग, आणि तिचे सगळे भाग एकत्र उचलून आतले पत्तेही बदलते. ऑटोकॅडमध्ये साठवलेला पत्ता आणि प्रत्यक्षात सापडलेला पत्ता हे दोन वेगळे दाखवले जातात, आणि ते दोन्ही वाचायलाच हवेत. साठवलेल्या जागी ड्रॉइंग मिळाले नाही, तर प्रोग्राम मुख्य ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये आणि ठरवून दिलेल्या इतर जागी त्याच नावाची फाइल शोधतो आणि मिळाली की मुकाट्याने ती जोडतो. ती तीन वर्षांपूर्वीची असेल तरीही.

तुटलेल्या लिंकची मला फारशी भीती वाटत नाही, कारण ती उघडतच नाही आणि लगेच लक्षात येते. चालणारी पण चुकीच्या प्रतीकडे नेणारी लिंक खरी धोक्याची असते. जुना ग्राफ मागावर चढला, तर कापड विणले जाते, दिसायलाही ठीक दिसते, आणि किनारीतली दुरुस्ती झालेलीच नाही हे माल पार्टीकडे पोहोचल्यावर कळते. जुने फोल्डर जागच्या जागी राहिले की न बदललेल्या सगळ्या लिंक्सही चालू राहतात आणि काम पूर्ण झाल्याचा भास होतो. म्हणून तपासणीच्या दिवशी जुन्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलून ठेवावे किंवा त्यावरचा सर्वांचा प्रवेश काढून घ्यावा, आणि मगच सगळ्या लिंक्स पुन्हा उघडून पाहाव्यात. त्या वेळी जी उघडत नाही ती जुन्या जागेवर अवलंबून होती, हे निश्चित होते.

काही जण जुन्या जागी जंक्शन किंवा प्रतीकात्मक लिंक बनवून जुना पत्ता नव्या फोल्डरकडे वळवतात. माग थांबवणे परवडत नसेल, तर चालू ऑर्डरी उरकेपर्यंत हा उपाय योग्य आहे, पण तो काढून टाकण्याची तारीख त्याच दिवशी ठरवलेली असावी. जंक्शन एकाच संगणकातल्या डिस्कवर चालते, नेटवर्कवरच्या जागेकडे नेत नाही, ही मर्यादाही ध्यानात ठेवावी.

शेवटी हिशेब जुळला पाहिजे: आधी मोजलेल्या एकूण लिंक्स म्हणजे बदललेल्या, जाणूनबुजून सोडलेल्या, आधीपासून तुटलेल्या आणि अद्याप न सुटलेल्या यांची बेरीज. न सुटलेल्यांचा आकडा शून्यावर आणण्यासाठी अंदाजाने कोणतीही फाइल जोडू नये. त्या ओळी शेऱ्यासह तशाच राहू द्याव्यात आणि जुना रकाना व तक्ता हे दोन्ही जपून ठेवावेत, कारण एखादी पार्टी काही वर्षांनी जुनेच डिझाइन पुन्हा मागते तेव्हा त्याच ओळी उपयोगी पडतात.

यानंतर नवी नोंद करताना ड्राइव्हच्या अक्षराने किंवा दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता फॉर्मने स्वीकारूच नये, डिझाइनरने टप्पा आणि नंबर निवडावा व पत्ता प्रोग्रामने बनवावा. तार्किक नावांचा तक्ता बदलण्याचा अधिकार मात्र एकाच जबाबदार व्यक्तीकडे आणि तिच्या गैरहजेरीत दुसऱ्या एकाकडे असावा, प्रत्येक बदलाची तारीख आणि कारण शेजारी लिहिलेले असावे, आणि त्या तक्त्याचा बॅकअप डिझाइनच्या फाइलींपासून वेगळ्या जागी असावा, कारण आता त्यातली एक ओळ चुकली तर त्या नावाखालचे प्रत्येक डिझाइन एकाच वेळी चुकीच्या जागी शोधले जाते.